कॉफीच्या बियांची खरेदी आणि साठवण

उन्हाळा सरत आला, की आपल्याकडे घरोघरी वर्षाच्या बेगमीची लगबग सुरू होते. गहू-ज्वारीला ऊन दाखवून कोठ्या भरल्या जातात, डाळी-कडधान्ये डब्यांत जातात, तिखट-मसाले कुटून बरण्यांची तोंडे बांधली जातात. स्वस्ताईच्या दिवसांत माल घ्यावा, तो नीट राखावा आणि पावसाळा निर्धास्तपणे काढावा, ही यामागील दृष्टी शहाणपणाचीच आहे. तथापि, प्रत्येक वस्तू बेगमीला सारखीच मानवते असे नाही. कॉफी ही अशीच एक वस्तू आहे. ती चार महिन्यांची एकदम आणून ठेवली, तर डबा भरलेला राहतो. पण ज्या स्वादासाठी पैसे मोजले तो स्वाद मात्र डब्यातून केव्हाच निघून गेलेला असतो.

महाराष्ट्रात चहाच्या मानाने कॉफी कमी प्यायली जाते. परंतु पाहुणचारात, मंगलकार्यात, कचेऱ्यांच्या बैठकांत आणि जायफळ घातलेल्या घरगुती पेल्यात तिला मानाचे स्थान आहे. अलीकडे तर भाजलेल्या अख्ख्या बिया आणून त्या घरी दळण्याची आवडही शहरांतून वाढू लागली आहे. २०२४ आणि २०२५ या वर्षांत जागतिक बाजारात कॉफीच्या भावांनी उच्चांक गाठले. अशा महाग वस्तूची खरेदी आणि साठवण शास्त्रशुद्ध रीतीने कशी करावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

मळ्यापासून बाजारापर्यंत

कॉफी ही एका झाडाच्या फळातील बी होय. जुन्या मराठीत या बियांना ‘बुंददाणे’ असे नाव होते. सतराव्या शतकात बाबा बुडन या सत्पुरुषाने येमेनमधून सात बिया आणून त्या चिकमगळूरच्या डोंगरावर रुजविल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगररांगेला आजही त्याचेच नाव आहे. सध्या देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. त्याखालोखाल केरळ आणि तामिळनाडू या राज्यांचा क्रम लागतो. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यातही आदिवासी शेतकरी कॉफी पिकवितात. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अराकू येथील कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

व्यापारात अरेबिका आणि रोबस्टा अशा दोन मुख्य जाती आहेत. अरेबिका उंच डोंगरावर वाढते. तिचा स्वाद सौम्य व सुगंधी असतो. रोबस्टा तुलनेने कमी उंचीवर येते; ती अधिक कडसर असून तिच्यात कॅफीनचे प्रमाणही जास्त असते. भारतात रोबस्टाचे उत्पादन अधिक आहे. पिकलेली तांबडी फळे हाताने निवडून तोडली जातात. सर्व फळे एकाच वेळी पिकत नसल्यामुळे एकाच झाडावर अनेक वेळा तोडणी करावी लागते. साधारणतः पाच ते सहा किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी हाती येते आणि भाजताना तिचेही वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते. म्हणजे डब्यातील एक किलो भाजलेल्या कॉफीमागे सहा-सात किलो फळांची तोडणी, धुणे, वाळवणे आणि निवडणे एवढे श्रम असतात. देशातील बहुतांश कॉफी उत्पादक हे लहान बागाईतदार आहेत. डब्याचे झाकण सैल राहिल्याने जे उडून जाते, ते या श्रमांचेच फळ होय.

कच्ची बी धान्यासारखी, भाजलेली बी कुटासारखी

कॉफीच्या साठवणीचे सारे शास्त्र एका भेदावर उभे आहे. कच्ची हिरवी बी आणि भाजलेली बी या साठवणीच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू आहेत.

कच्ची बी ही धान्यासारखी असते. चांगली वाळविलेली, म्हणजे १० ते १२ टक्के ओलावा असलेली बी कोरड्या, थंड आणि हवेशीर जागी अनेक महिने टिकते. ओलावा याहून वाढला तर तिला बुरशी लागते आणि अशा बुरशीपासून आरोग्याला अपायकारक द्रव्ये निर्माण होऊ शकतात. ओलावा कॉफीचे रूप किती पालटू शकतो, याचे उदाहरण मलबार किनाऱ्यावर पाहावयास मिळते. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाणारी कॉफी महिनोन् महिने दमट हवेत राही. त्यामुळे बिया फुगून पिवळसर होत आणि त्यांचा आंबटपणा कमी होई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, जलवाहतूक वेगवान झाली आणि हा बदल घडेनासा झाला. परंतु युरोपातील गिऱ्हाइकांना तीच चव हवी होती. म्हणून पुढे किनाऱ्यावरील गुदामांत मोसमी वारे मुद्दाम खेळवून अशी कॉफी तयार करण्यात येऊ लागली. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ती आजही निर्यात होते. जाणकारांच्या देखरेखीखाली जो पावसाळी वारा कॉफीला वेगळी चव देतो, तोच वारा घरातील डब्यात शिरला तर तिचा नाश करतो, हे मात्र विसरता कामा नये.

भाजलेली बी ही शेंगदाण्याच्या कुटासारखी असते. अख्खे शेंगदाणे काही महिने राहतात. पण भाजून कूट केले की थोड्याच दिवसांत त्याला खवट वास येऊ लागतो, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. कॉफीचेही तसेच आहे. सुमारे २०० ते २३० अंश सेल्सिअस तापमानाला बी भाजली, की तिच्यातील ओलावा उडून जातो, ती फुगून सच्छिद्र होते आणि शेकडो प्रकारची सुगंधी द्रव्ये तयार होतात. त्याच वेळी बीच्या पोटात कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला जातो. हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो आणि काही काळ बीचे रक्षणही करतो. तो निघून गेला, की हवेतील प्राणवायू आत शिरतो, बीमधील तेलाशी संयोग पावतो आणि तेल खवट होऊ लागते. अरेबिकात तेलाचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास असते.

बी अख्खी असेपर्यंत ही क्रिया मंद चालते. दळल्यावर तिचे हजारो कण होतात, प्रत्येक कणाला हवा लागते आणि जे आठवड्यांत घडावयाचे ते तासांत घडू लागते. दळताना घरभर पसरणारा घमघमाट सुखद खरा, पण तो पेल्यातून वजा झालेला असतो. भाजलेली अख्खी बी घट्ट बंद डब्यात तीन ते चार आठवडे उत्तम राहते. दळलेली पूड मात्र एक-दोन आठवड्यांतच संपविणे इष्ट. त्यानंतर ती पिण्यास अपायकारक होते असे नव्हे. कोरडी राहिली असेल तर ती निर्धोकच असते. परंतु तिच्यात रंग आणि कडवटपणा यांखेरीज फारसे काही उरत नाही.

खरेदी करताना

कॉफी विकत घेताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. पाकिटावर निर्मितीची किंवा पॅकिंगची तारीख असते. ती भाजणीचीच असेल असे मात्र नाही. काही उत्पादक भाजणीची तारीखही छापतात. अशी तारीख असलेला माल पसंत करावा आणि तो महिन्याच्या आतला असल्याची खात्री करून घ्यावी. मुदत संपण्याची तारीख लांबची आहे, एवढ्यावरून माल ताजा मानू नये. ती तारीख माल केव्हापर्यंत वापरावा हे सांगते, स्वाद केव्हापर्यंत टिकेल हे सांगत नाही. उलटपक्षी, आजच भाजलेली कॉफी आजच प्यावी असेही नाही. आतील वायू काहीसा निघून जाण्यासाठी तिला तीन-चार दिवस विसावा दिल्यास चव अधिक चांगली लागते.

दुसरी गोष्ट पाकिटाची. चांगल्या पाकिटाला बाहेरच्या अंगास एक लहान वाटोळी झडप असते. तिच्यातून आतील वायू बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत येत नाही. जाड, अस्तर असलेले आणि झडपेचे पाकीट पातळ पारदर्शक पिशवीपेक्षा केव्हाही चांगले. दुकानात उन्हाच्या तिरिपेत काचेच्या बरणीत शोभेसाठी ठेवलेली कॉफी घेऊ नये.

तिसरी गोष्ट परिमाणाची. एका पेल्याला साधारणतः १० ग्रॅम पूड लागते. घरात तिघे जण दिवसाला एक-एक पेला घेत असतील, तर रोज ३० ग्रॅम आणि पंधरवड्याला ४५० ग्रॅम कॉफी लागेल. अशा घराने एक किलोचे मोठे पाकीट घेण्यापेक्षा आठवड्याला २५० ग्रॅमचे एक लहान पाकीट घेणे फायद्याचे. मोठ्या पाकिटात किलोमागे काही रुपये वाचतात हे खरे. पण शेवटचा अर्धा किलो बेचव झाला, तर ती बचत नव्हे, तोटा होय.

चौथी गोष्ट चिकोरीची. चिकोरी ही एका वनस्पतीची मुळी असून ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. दक्षिणी पद्धतीच्या कॉफीत ती पुष्कळांना आवडते आणि तिचे मिश्रण कायद्याने मान्यही आहे. मात्र अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापलेले असले पाहिजे. साठवणीच्या दृष्टीनेही हे पाहणे महत्त्वाचे आहे. चिकोरी हवेतील ओलावा फार लवकर शोषून घेते. त्यामुळे मिश्र पुडीच्या पावसाळ्यात गुठळ्या होतात.

शुद्ध कॉफी म्हणून घेतलेल्या पुडीत चिकोरी आहे काय, हे घरीही पाहता येते. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्यावे आणि त्यावर चिमूटभर पूड अलगद सोडावी. कॉफीची पूड काही वेळ पाण्यावर तरंगते. चिकोरी लगेच खाली बसू लागते व जाताना तपकिरी रंगाचा माग सोडते. विरघळणाऱ्या तयार कॉफीला ही परीक्षा लागू पडत नाही.

मुंबईत माटुंग्यासारख्या दाक्षिणात्य वस्तीच्या भागात गिऱ्हाइकासमोर बिया दळून देणारी दुकाने आहेत. ही पद्धत उत्तम होय. अशा ठिकाणी ‘प्लँटेशन’, ‘चेरी’, ‘पीबेरी’ अशी नावे कानी पडतात. धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ आणि फळासकट वाळविलेल्या कॉफीला ‘चेरी’ म्हणतात. फळात दोनऐवजी एकच वाटोळी बी भरली, तर तिला ‘पीबेरी’ असे नाव आहे. दळण्यापूर्वी बियांचा वास घ्यावा. मध्यम भाजणीच्या बियांवर तेल सुटलेले दिसल्यास त्या जुन्या असण्याचा संभव असतो. काळसर भाजलेल्या बियांवर मात्र तेल आरंभापासूनच असते. ताज्या पुडीवर उकळते पाणी ओतताच ती फेसाळून वर येते. ती निपचित बसून राहिली, तर तिचा वायू निघून गेला आहे असे समजावे.

घरातील साठवण

हवा, ओलावा, उष्णता आणि उजेड हे भाजलेल्या कॉफीचे चार शत्रू होत. घरातील प्रत्येक उपाय या चौघांना दूर ठेवण्यासाठीच असतो.

१. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रबरी कड्याची बरणी वापरावी. बरणी काचेची असल्यास ती बंद कपाटात ठेवावी. पाकीट झडपेचे असेल, तर त्यातील हवा दाबून काढून, तोंड दुमडून, चिमटा लावून ते पाकीटच डब्यात ठेवणे सर्वांत सोयीचे.

२. डबा मालाच्या मापाचा असावा. मोठ्या डब्यात तळाशी उरलेल्या मूठभर कॉफीवर डबाभर हवा काम करीत असते. माल कमी झाला, की तो लहान डब्यात काढावा.

३. डबा शेगडीजवळ, फ्रीजच्या माथ्यावर किंवा खिडकीत ठेवू नये. उष्णता वाढली की स्वाद बिघडविणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेगही झपाट्याने वाढतो. विदर्भातील उन्हाळ्यात घरातील सर्वांत थंड कोपरा यासाठी निवडावा.

४. कॉफी भोवतालचे वास ओढून घेते. हिंग, मसाले, साबण यांच्या फळीवर ती ठेवू नये. जायफळ-वेलदोड्याची पूडही पेल्यातच घालावी, डब्यात मिसळून ठेवू नये.

५. ओला चमचा डब्यात घालू नये आणि वाफ येत असलेल्या भांड्यावर डबा उघडा धरू नये. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

६. जुन्या मालावर नवा माल ओतू नये. डब्याच्या अंगाला बसलेला तेलाचा पातळ थर खवट होऊन नव्या मालाला लागतो. म्हणून दर खेपेस डबा गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावा.

फ्रीजविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. रोजच्या वापराचा डबा फ्रीजमध्ये ठेवल्यास तो दरवेळी बाहेर काढताना थंड बियांवर दव जमते आणि शिवाय भाजीपाल्याचे वास लागतात ते वेगळेच. म्हणून तसे करू नये. कॉफी जास्त आलीच असेल, तर तिचे आठवड्यापुरते लहान हवाबंद पुडे करून ते बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. एक पुडा बाहेर काढल्यावर तो घरातील तापमानाला येईपर्यंत उघडू नये आणि पुन्हा आत ठेवू नये.

ज्यांना शक्य आहे त्यांनी अख्ख्या बिया आणून लागतील तेवढ्याच दळाव्यात. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. घरातील मिक्सरचे मसाल्याचे कोरडे भांडे चालते. मात्र ते वेगळे ठेवलेले, मसाल्याचा वास नसलेले असावे आणि पूड तापू नये म्हणून थांबत थांबत फिरवावे.

कचेऱ्या, वसतिगृहे आणि उपाहारगृहे

सार्वजनिक खरेदीत हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून वर्षाचा माल एकदम घेण्याकडे कल असतो. धान्याच्या बाबतीत ते ठीक आहे; कॉफीच्या बाबतीत मात्र कागदावर झालेली बचत प्रत्यक्षात नुकसान ठरते. दिवसाला ५० पेले कॉफी लागणाऱ्या कार्यालयात रोज अर्धा किलो आणि महिन्याच्या २५ दिवसांना साडेबारा किलो पूड खर्च होते. येथे दर वर्षभरासाठी ठरवावा, पण पुरवठा पंधरवड्याला सहा-सव्वासहा किलो याप्रमाणे घ्यावा. कराराच्या अटींत पॅकिंगपासून किती दिवसांच्या आतील माल स्वीकारला जाईल, चिकोरीचे प्रमाण किती असावे आणि पाकिटांचे माप काय असावे, हे स्पष्ट लिहावे. आधी आलेला माल आधी वापरावा, हा साठा-नोंदवहीचा नियम येथे कटाक्षाने पाळावा. पोती किंवा खोकी भिंतीला टेकवून अथवा थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

ग्राहकाचे हक्क, शाळांतील प्रयोग

पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक असणे आवश्यक आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनी ग्राहकाला हे संरक्षण दिले आहे. तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर ती नोंदविता येते. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

शाळांना हा विषय प्रयोगातून शिकविता येईल. पावसाळ्यात दोन सारख्या वाट्यांत सारख्याच वजनाची कॉफी-चिकोरीची पूड घ्यावी. एक वाटी उघडी ठेवावी, दुसरी घट्ट डब्यात बंद करावी आणि आठ दिवसांनी दोहोंचे वजन करावे. हवेतील ओलावा म्हणजे काय, याचा धडा विद्यार्थ्यांना तराजूच शिकवील.

चिखलदऱ्याची कॉफी

कॉफी ही केवळ दक्षिणेची मिरासदारी आहे असेही नाही. अमरावती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा येथे ब्रिटिश अमदानीत कॉफीची लागवड झाली आणि तेथील कॉफी आजही पर्यटक कौतुकाने घेतात. क्षेत्र लहान आहे. दक्षिणेच्या मळ्यांशी उत्पादनात स्पर्धा करणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. स्थानिक माल ताजा मिळू शकतो, हेच त्याचे बळ होय. परंतु तोच माल साध्या पिशवीत महिनोन् महिने टांगलेला राहिला, तर हे बळ नाहीसे होते. अशा भागातील बचत गटांनी कॉफी विक्रीचे काम हाती घेतल्यास त्यांनी आवश्यक ती अन्न नोंदणी करावी, कच्ची बी नीट वाळवून साठवावी, विक्रीच्या मानानेच थोडी थोडी भाजावी, लहान झडपेच्या पाकिटांत भरावी आणि प्रत्येक पाकिटावर भाजणीची तारीख ठळक छापावी. पंचायतीला करण्यासारखी साधी मदत म्हणजे कोरडी, हवेशीर साठवणीची खोली आणि ओलावा मोजण्याचे एक उपकरण. प्रवासी एकदा कौतुकाने घेतो. पुन्हा मागणी करतो ती स्वादामुळेच.

बेगमीची आपली जुनी रीत टाकून देण्याचे कारण नाही. धान्य वर्षाचे भरावे, पण पीठ लागेल तसे दळावे, हे त्याच रीतीचे दुसरे अंग आहे. कॉफीला तेवढेच लागू करावयाचे आहे. कच्चा माल उत्पादकाने व व्यापाऱ्याने निगुतीने राखावा, भाजलेला माल ग्राहकाने थोडा आणि ताजा घ्यावा, घट्ट झाकावा आणि वेळेत संपवावा. यासाठी जादा पैसा लागत नाही. तारीख पाहण्याची सवय, मापाचा डबा आणि कोरडा चमचा एवढेच लागते.